टीव्हीला लावलेल्या एकशे बारा चिठ्ठ्या

सोमवारी संध्याकाळी बातम्या सांगणारी बाई वाक्याच्या मध्यावर असतानाच चपटी व्हायला लागली. आधी तिचं कपाळ खाली आलं, मग हनुवटी वर चढली, मग नाक पसरलं आणि बघता बघता काचेच्या मधोमध एक पांढरी आडवी रेघ उरली. आवाज मात्र ठणठणीत होता. रेघेनं उरलेल्या बातम्या दिल्या, हवामान सांगितलं आणि सगळ्यांचा निरोप घेतला.

"बाई कुठं गेली?" सासूबाईंनी विचारलं.

"आतच आहे. येईल," जावकसाहेब म्हणाले.

बाई आली नाही. वहिनींना त्या बाईचं फारसं काही पडलं नव्हतं, पण त्यांनी उठून टीव्हीची सगळी बटणं फिरवून पाहिली. कारण गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला, महिलांच्या कार्यक्रमात, त्याच काचेवर वहिनी स्वतः दिसणार होत्या. चार मिनिटं. विषय होता, स्वेटरच्या फाटलेल्या कोपराला न दिसणारं रफू कसं करावं.

त्यासाठी वहिनींनी पत्र लिहिलं होतं, पत्राला उत्तर आलं होतं, दोन बस बदलून त्या टीव्हीच्या स्टुडिओत गेल्या होत्या आणि तापलेल्या दिव्यांखाली चार तास बसून त्यांनी ती चार मिनिटं दिली होती. कुणा मुलीनं त्यांच्या नाकाला पावडर लावली होती. आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्या कुणीतरी त्यांच्या नाकाचा इतका विचार केला होता. आणि तेव्हा हे कार्यक्रम एकदाच लागायचे. पकडून ठेवायची सोय घराघरात नव्हती. साडेपाचला बघितलं तर बघितलं. पाच चौतीसला ती गोष्ट जगातून गेलेली असायची.

"आमच्याकडे या की बघायला," समोरच्या ब्लॉकमधल्या मावशी आधीच म्हणाल्या होत्या. मावशींकडे नवा रंगीत टीव्ही होता. "तुमच्या त्या काळ्या-पांढऱ्या खोक्यात सूत कुठलं नि स्वेटर कुठला, काही कळायचं नाही." आणि मग, मायेनं बोलल्यासारखं करून, "पण काय हो वहिनी, रफूच का दाखवायचं? नवीन स्वेटर घ्यायची आपल्याकडे सोय नाही, हे सगळ्या मुलखाला कशाला कळवायचं?"

त्या क्षणी वहिनींनी ठरवलं होतं की आपण दिसू तर आपल्या घरात, आपल्या टीव्हीवर दिसू, आणि मावशींना तिथं बसवून दिसू. त्यांनी तिथल्या तिथं मावशींना गुरुवारी सव्वापाचचं चहाचं आमंत्रण देऊन टाकलं होतं. मजल्यावरच्या बाकीच्यांनाही दिलं होतं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर तर आमंत्रणाशिवायच येणार होते.

आणि आता घरात एक रेघ होती.

जावकसाहेब म्हणजे वहिनींचे यजमान. ऑफिसात बावीस वर्षं ते जावक विभागात होते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर क्रमांक, तारीख आणि चिठ्ठी, असं त्यांचं काम. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही पाकीट गहाळ झालं नव्हतं. पाकिटात काय असतं याची मात्र त्यांनी कधी चौकशी केली नव्हती, आणि या दोन्ही गोष्टींचा त्यांना सारखाच अभिमान होता.

"अहो, उद्या सकाळी बाजारातल्या टीव्हीवाल्याला बोलवा," वहिनी म्हणाल्या.

"टीव्हीवाला काय करतो? उघडतो, बघतो आणि बंद करतो. ते मीही करीन. फक्त पद्धतशीर करीन."

पद्धतशीर हा शब्द ऐकला की वहिनींच्या उजव्या कानशिलात बारीक कळ यायची. गेल्या वर्षी त्यांनी पद्धतशीरपणे नळ दुरुस्त केला होता, तेव्हापासून स्वयंपाकघरात गरम पाणी थंड नळाला येत होतं.

एवढ्यात आवाज ऐकून मास्तर खाली आले. ते शाळेत विज्ञान शिकवायचे आणि निवृत्तीनंतर त्यांना वर्गाची उणीव भासत होती. त्यांनी रेघेकडे बराच वेळ, डोकं एका बाजूला करून पाहिलं.

"चित्र आहे," ते म्हणाले. "फक्त आडवं पडलंय. त्याला उठवायचं." आणि त्यांनी टीव्हीच्या डाव्या अंगाला एक सणसणीत थाप मारली.

रेघ थरथरली, फाकली, अर्ध्या क्षणासाठी एका माणसाचा पूर्ण चेहरा दिसला आणि पुन्हा मिटला. सासूबाईंनी टाळी वाजवली. मग काय, आल्यागेल्यानं थाप मारायची टूम निघाली. डाव्या अंगाला मारावी की उजव्या, तळहातानं की मुठीनं, यावर दोन पक्ष पडले. समोरच्या मावशीही येऊन एक मारून गेल्या, आणि वहिनींच्या मते त्यांनी गरजेपेक्षा जोरात मारली. शेवटी जावकसाहेब टीव्हीपुढे आडवे उभे राहिले. "ही सरकारी कचेरी नाही, की ठोकल्याशिवाय हलू नये," ते म्हणाले. त्यांचं स्वतःचं ऑफिस सरकारी होतं.

सगळे गेल्यावर त्यांनी मागची बाजू उघडायला घेतली. तिथं कागदाची एक पट्टी चिकटवलेली होती: हे सील तुटल्यास कंपनी जबाबदार नाही. सीलबद्दल जावकसाहेबांना अपार आदर. ते तोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. म्हणून त्यांनी चहाच्या किटलीची वाफ देऊन ते पाकिटासारखं अलगद सोडवायचं ठरवलं. पट्टी अर्धी अलगद सुटली आणि अर्धी टर्रकन फाटली.

"आतमध्ये करंट साठून राहतो म्हणे," मास्तरांनी जाता जाता बजावून ठेवलं होतं. त्यामुळे जावकसाहेबांनी पायात रबरी चपला घातल्या, हातात भांडी घासायचे मोजे चढवले आणि आईच्या हातात लाकडी लाटणं दिलं. "मी चिकटलो तर हातावर मार," ते म्हणाले. सासूबाई लाटणं सरसावून खुर्चीवर बसल्या. त्यांच्या डोळ्यांत काळजी होती, पण वहिनींना थोडी उत्सुकताही दिसली.

पुढचा सगळा वेळ जावकसाहेब शीळ घालत काम करत होते. वहिनींनी दोनदा विचारलं, "काही सापडलं का?" दोन्ही वेळा उत्तर आलं, "अजून नोंदच चालू आहे." तिसऱ्यांदा त्या स्वतः बघायला गेल्या आणि दारातच थांबल्या. टीव्हीच्या पोटातल्या प्रत्येक भागावर, प्रत्येक वायरीवर, दाण्याएवढ्या प्रत्येक वस्तूवर एकेक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली होती, आणि चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात क्रमांक होता. एक ते एकशे बारा. शेजारी नोंदवही उघडी होती. दोन वायरींना चिठ्ठी नीट बसेना म्हणून त्यांनी त्या जागच्या काढून घेतल्या होत्या, क्लिपांसकट.

"डिंक साधा नाही," ते अभिमानानं म्हणाले. "ऑफिसातला आहे. पावसातसुद्धा सुटत नाही."

"आणि बिघाड?"

"तो यांपैकीच एकात आहे. आता तो कुठं जातोय?"

मंगळवारी त्यांनी रजा काढली आणि ते कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात गेले. वहिनींनी सांगितलं होतं, माणूस घेऊनच या. ते दुपारी तीनला एकटे परत आले, पण चेहरा प्रसन्न होता.

"काय झालं?"

"अगं, काय व्यवस्था आहे तिथं. अर्ज दोन प्रतींत. प्रत्येक रकाना वेगळा. एका खिडकीवर अर्ज मिळतो, दुसरीवर तपासतात, तिसरीवर घेतात."

"माणूस कधी येणार?"

"एक छोटी अडचण आली. एक रकाना होता, 'सील शाबूत आहे काय?' मी लिहिलं, 'होतं.' तर तिथला कारकून म्हणाला, 'होय' किंवा 'नाही', एवढंच लिहायचं. मी म्हटलं, खोटं मी लिहिणार नाही आणि 'नाही' असं लिहिलं तर निम्मं सील अजून जागेवर आहे, त्याच्यावर अन्याय होईल. त्यालाही पटलं. त्यानं साहेबांचं मत मागवलंय."

"आणि साहेबांचं मत कधी येणार?"

"सोमवारी. पण क्रमांक आजच पडला," असं म्हणून त्यांनी पोचपावती दाखवली. कागदाच्या कोपऱ्यातला शिक्का ते निरखत राहिले. "शिक्का सरळ मारलाय बघ. हल्ली कोण मारतं असा."

वहिनींनी पोचपावती परत दिली आणि गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. समोरून मावशींनी हात केला. "झाला का दुरुस्त? नाहीतर आमच्याकडे आहेच. चपला तेवढ्या बाहेर काढा, खाली गालिचा नवीन आहे."

बुधवारी जावकसाहेब ऑफिसला गेले आणि जाताना सांगून गेले की कुणीही काहीही हलवायचं नाही, अनुक्रम बिघडेल. दिवसभर टीव्ही खोलीच्या मधोमध आपली एकशे बारा लेबलं लावून बसला होता. मास्तर दोनदा येऊन गेले. त्यांच्या मते ट्यूबला गारठा झाला होता. सासूबाईंनी त्यावर शाल घातली. वहिनींनी ती काढली. त्यांना हसू येत नव्हतं आणि रडावं असंही वाटत नव्हतं. त्यांना फक्त कुणातरी एका माणसाला सरळ काम करताना बघायचं होतं.

गुरुवारी दुपारी त्या स्वतः बाजारात गेल्या. टीव्हीवाल्याचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली, आणि तिच्यात जमिनीपासून छतापर्यंत आंधळे टीव्ही रचलेले. मधल्या बोळकांडीत तो स्वतः बसला होता. सडपातळ, मितभाषी, चष्मा कपाळावर.

"मधे रेघ?" त्यानं विचारलं. "थाप मारल्यावर क्षणभर उघडतो?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"सगळे थापच मारतात, ताई. एखादा जोड सुटला असेल. अर्ध्या तासाचं काम. चला."

वहिनींना वाटलं, याच्या पाया पडावं.

तीन वाजता त्यानं टीव्हीच्या मागे बैठक मारली, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तो बराच वेळ नुसता बघत राहिला. गुरुवार म्हणून जावकसाहेब अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले होते. ते शेजारी नोंदवही घेऊन उभे होते.

"हे काय आहे?" टीव्हीवाल्यानं विचारलं.

"क्रमांक. एक ते एकशे बारा."

"साहेब, या बारक्या भागांच्या अंगावर रंगीत पट्टे असतात. त्या रंगांवरून आम्हाला कळतं, कुठला भाग कसला."

"बरं."

"तुम्ही चिठ्ठ्या पट्ट्यांवरच लावल्यात."

"दुसरीकडे जागा नव्हती."

"आणि हे भाग तापतात. चालू केला तर तुमचे एकशे बारा कागद एकदम पेट घेतील." त्यानं चष्मा पुन्हा कपाळावर ढकलला. "सगळ्या काढाव्या लागतील. मग मी बघतो."

त्यानंतर दोन तास त्या घरात तेच काम चाललं. टीव्हीवाल्यानं स्पिरिटची बाटली आणि कापूस दिला. तो स्वतः आतल्या नाजूक चिठ्ठ्या काढत होता, वहिनी कडेच्या, आणि सासूबाई, केसातला आकडा काढून, वायरींवरच्या सोलत होत्या. मास्तर येऊन एक काढून गेले आणि स्पिरिटच्या वासानं आपल्याला गरगरतंय म्हणून खुर्चीवर बसले. जावकसाहेब प्रत्येक चिठ्ठी निघाली की नोंदवहीत तिच्यापुढं खूण करत होते. ऑफिसचा डिंक खरोखरच चांगला होता. त्यांना तसं म्हणायचं होतं, पण बायकोचा चेहरा बघून त्यांनी पुढची खूण केली.

पाच वाजता शेवटची चिठ्ठी निघाली. पाच वाजून चार मिनिटांनी टीव्हीवाल्याला जोडावरची केसाएवढी चीर सापडली आणि दहाव्या मिनिटाला त्यानं तिच्यावर डाग दिला. सोल्डरचा धूर निघाला तो वहिनींना अत्तरासारखा वाटला. सव्वापाचला मावशी आल्या, बाकीचे शेजारी आले, बसायला जागा पुरेना म्हणून काही उभे राहिले.

"या दोन वायरी कुणी काढल्या?" टीव्हीवाल्याचा आवाज मागून आला.

"एकोणतीस आणि तीस," जावकसाहेब तत्परतेनं म्हणाले.

"लाल कुठं होती आणि पिवळी कुठं?"

जावकसाहेबांनी नोंदवही उघडली. बोट फिरवत खाली आले. "एकोणतीस. वायर," त्यांनी वाचलं. "तीस. वायर."

"रंग?"

"रंगाचा रकाना नाही."

सासूबाईंनी आकडा केसात खोचला आणि दुसरीकडे पाहू लागल्या.

"क्लिपाही तुटल्यात, म्हणजे डागच द्यावा लागणार," टीव्हीवाला स्वतःशी बोलल्यासारखा म्हणाला. "एक इकडे, एक तिकडे. चुकलं तर स्फोट वगैरे काही होत नाही. चित्र उलटं येतं, एवढंच." आणि त्यानं लाल वायर डावीकडे लावली.

पाच वाजून सत्तावीस मिनिटांनी टीव्ही लागला. रेघ नव्हती. स्वच्छ, भरगच्च, काठापासून काठापर्यंत चित्र होतं. त्यात एक गृहस्थ शेतीच्या अवजारांविषयी बोलत होते, आणि त्यांचे पाय छताला लागलेले होते.

"बदलतो," टीव्हीवाला म्हणाला. "बंद करून, सोडवून, परत लावायला दहा मिनिटं."

"दहा मिनिटं नाहीत," वहिनी म्हणाल्या.

मावशी उठल्या. पदर सावरून, अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "चला गं सगळ्या. आमच्याकडे चला. आमच्याकडे माणसं सरळ दिसतात."

दोघी-तिघी उठल्यासुद्धा. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. चार दिवस पोटात जे काही तापत होतं ते बाहेर आलं, पण आवाज चढला नाही. उलट इतका खाली गेला की सगळ्यांना कान द्यावे लागले.

"कुणी कुठं जायचं नाही. बसा सगळ्यांनी. अहो, तुम्ही मागून धरा. मास्तर, तुम्ही त्या बाजूनं. हा उलटा करायचाय."

"चालू टीव्ही?" मास्तरांचं गरगरणं एकदम थांबलं.

"आधी बंद करा. लाकडालाच धरा, आत हात घालू नका," टीव्हीवाला म्हणाला. चार दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी वहिनींच्या बाजूनं बोललं होतं.

तिघांनी मिळून तो लाकडी टीव्ही उचलला, फिरवला आणि दिवाणावर डोक्यावर उभा केला. चार निमुळते पाय वर छताकडे. ट्यूबचं सगळं वजन पुढे असल्यामुळे तो लगेच पुढे कलंडायला लागला. जावकसाहेबांनी मागून त्याचे दोन पाय दोन्ही हातांनी गच्च धरले, भिंतीला पाठ टेकली आणि ते तसेच उभे राहिले.

"सोडू नका," वहिनी म्हणाल्या.

"नाही सोडत."

टीव्हीवाल्यानं बटण दाबलं आणि साडेपाच झाले. कार्यक्रमाचं नाव आलं, ते उलटीकडून लिहिल्यासारखं. मग निवेदिका आली, आणि मग वहिनी. मांडीवर फाटका स्वेटर, बोटांत सुई, नाकावर पावडर.

"अगं बाई, तुम्ही डावऱ्या कधीपासून?" मावशी म्हणाल्या.

"चित्र उलटं, टीव्ही उलटा. दोन्ही मिळून वर-खाली जुळतं, पण डावं-उजवं फिरतं," मास्तर समजावू लागले. "समजा, हा माझा हात..."

कुणी ऐकत नव्हतं. वहिनी तर नाहीच. बाकीच्यांना त्या फिरल्यासारख्या दिसत होत्या. भांग चुकीच्या बाजूला, गालावरचा तीळ चुकीच्या गालावर. वहिनींना मात्र काहीच चुकलेलं दिसेना. रोज सकाळी वेणी घालताना आरशात हीच बाई तर भेटायची. फक्त तिथं ती नेहमी घाईत असायची. इथं ती शांत बसली होती. तिला कुणी हाक मारत नव्हतं. ती एकेक उभा धागा ओढत होती, त्यातून आडवा धागा वर-खाली काढत होती, आणि कोपरावरचं भोक हळूहळू नाहीसं होत होतं.

"दिसतेस का?" टीव्हीच्या मागून दबलेला आवाज आला.

"दिसतेय. हलू नका."

तिसऱ्या मिनिटाला मावशी पुढे सरकून बसल्या. वहिनींनी ते काचेवरची नजर न काढता ओळखलं. शेवटी सुई आत गेली, धागा तोडला आणि पडद्यावरच्या वहिनींनी स्वेटरचा कोपर वर धरला. भोक कुठं होतं ते कळत नव्हतं.

"ते शेवटचं टोक गेलं कुठं?" मावशी कुजबुजल्या. "मला दिसलंच नाही."

"दिसायचं नसतंच ते," वहिनी म्हणाल्या.

पाच चौतीसला पडद्यावर कुणीतरी केसांच्या निगेविषयी बोलू लागलं. लोक उठले, चहा झाला, सासूबाईंनी प्रत्येकाला आपली सून टीव्हीत कशी मऊ बोलते ते सांगितलं. मावशींनी जाताना, दाराशी घुटमळत, घरी एक शाल कसरीनं खाल्लीय, ती घेऊन उद्या येऊ का, असं विचारलं. टीव्हीवाल्यानं वायरी बदलल्या आणि टीव्ही पुन्हा पायांवर उभा करून दिला. जावकसाहेबांना हात सरळ करता येत नव्हते. दोन्ही तळव्यांवर लाकडाच्या कडांचे लाल वळ उठले होते.

सगळे गेल्यावर ते दिवाणाच्या कडेला बसले. नोंदवही मिटलेली होती.

"मला काहीच दिसलं नाही," ते म्हणाले. तक्रार नव्हती. वस्तुस्थिती सांगितल्यासारखं बोलले. "सगळ्यांनी पाहिलं. मी नुसता आवाज ऐकला."

वहिनींच्या तोंडाशी आलेली चार दिवसांची वाक्यं रांगेत उभी होती. नळापासून सुरू होणारी होती. त्या उठल्या, त्यांनी टोपलीतून जावकसाहेबांचाच अंगठ्याला फाटलेला एक मोजा काढला, सुईत धागा ओवला आणि समोर खुर्ची ओढून बसल्या.

"चार मिनिटं लागतात," त्या म्हणाल्या. "मधे बोलायचं नाही."

जावकसाहेबांनी मान हलवली आणि ते पुढे वाकून, दुखणारे हात मांडीत ठेवून बघू लागले. दोन मिनिटांनी त्यांना राहवेना.

"या टाक्याला काय म्हणतात?"

"टाका," वहिनी म्हणाल्या.